डाव्या कानात सांगितलेलं

१२ एप्रिल

मास्तरीणबाईंस,

'सप्रेम नमस्कार' लिहायला घेतलं, पण 'सप्रेम'पाशीच पेन अडलं. तेव्हा नुसता नमस्कार.

सोबत तुझं निळं जॅकेट पाठवते आहे. दोनदा धुतलं, तरी बाहीवरचे खाऱ्या पाण्याचे डाग गेले नाहीत. तुझ्याकडे काही युक्ती असेल तर बघ. चेन नीट आहे. खिसे मी तपासलेले नाहीत.

सहल छान झाली. आठ दिवस, सहा बेटं, एक शिडाची होडी आणि आपण चौघं. कप्तानाला सांग की त्याच्या हातचा पाव रोज आठवतो. बेकरीवाल्याच्या हातात सुकाणू द्यायचं म्हणजे मला आधी धास्तीच होती, पण भट्टी सांभाळणाऱ्याला वाराही सांभाळता येतो, हे आता मान्य. नवरा म्हणून तो तुझ्या वाट्याला आला, हे तुझं नशीब. तुझ्या हे लक्षात असतं का, माहीत नाही.

माझा नवरा मजेत आहे. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवत 'आता बरं दिसतं की मघाशी?' असं विचारतो आणि संध्याकाळी घरी आला की शीळ घालतो. चौदा वर्षांत मी त्याला शीळ घालताना ऐकलं नव्हतं. कुठे शिकला, तुला ठाऊक असेल.

तीन थांब्यांवर राहणाऱ्या मैत्रिणीला कुणी पत्र लिहितं का, असं तू म्हणशील. तुझे अकरा फोन मी उचलले नाहीत. कारण सरळ आहे. फोनवर तू 'अगं कानसेन' म्हणून हाक मारशील आणि मी सव्वीस वर्षांच्या सवयीने 'बोल गं' म्हणेन. ते मला आता नको आहे. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद.

जॅकेट मिळाल्याचं कळव. आणि आणखी एक. चौथ्या दिवशी दुपारी मी झोपले नव्हते.

कानसेन

२१ एप्रिल

मास्तरीण,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींची आहे आणि मी ती चाळीस वेळा वाचली. तू लिहितेस, 'होडीवर तू एवढा मोठेपणा दाखवलास. त्यानंतर हा अबोला कशासाठी?'

कसला मोठेपणा बाई? आठ दिवसांत एकदाही उलटी केली नाही, तो? मी कोणता मोठेपणा दाखवला, हे माझं मलाच माहीत नाही. तू 'चौथ्या दिवशी म्हणजे काय?' असंही विचारलं आहेस. तर ऐक. म्हणजे वाच.

आधी हिवाळ्यातलं सांगते. रेडिओ केंद्रातलं माझं काम तुला माहीत आहे. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या बोलण्यातले खोकले, आवंढे आणि जास्तीचे श्वास कापायचे. हिवाळ्यात मला वाटायला लागलं की डावीकडचा आवाज बारीक येतोय. वायर खराब असेल म्हणून हेडफोन बदलला. मग आणखी एक. तिसरा बदलून झाला आणि चौथा मागायला गेले तेव्हा लक्षात आलं की हेडफोन बदलत होते, डोकं तेच होतं. त्या दिवशी केंद्राच्या जिन्यात उभं राहून मी तुला फोन केला. 'डाव्या कानाने कमी ऐकू येतंय गं,' असं म्हणाले. 'मे महिन्यात आम्हा सगळ्यांची कानतपासणी असते. तोवर कुणाला सांगू नकोस. ह्यालासुद्धा नको. हा लगेच नंबर काढायला बसेल.' तू म्हणालीस, 'गळ्याशपथ.'

नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. ते तुला सांगितलं.

आता होडी. पहिल्या दिवशी धक्का सोडला, शीड फुगलं आणि तू येऊन माझ्या डावीकडे बसलीस. हळू, गोड, ओठ नीट हलवत बोलायला लागलीस. मला ओ की ठो कळलं नाही. मग हा आला, तोही डावीकडे. चौदा वर्षांत बायकोच्या कुठल्या बाजूला बसावं याचा ज्याने कधी विचार केला नाही, तो माझ्या उजवीकडची मोकळी जागा सोडून, दोरांचं भेंडोळं उचलून डावीकडे जागा करत होता. दुपारपर्यंत मला दोन गोष्टी कळल्या. एक, तू त्याला सांगितलंस. दोन, तू त्याला चुकीचा कान सांगितलास.

या दुसऱ्या गोष्टीचं मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. कित्येक वर्षं तू वर्गासमोर तोंड करून व्यायाम शिकवते आहेस. समोरच्यांचा डावा हात वर जावा म्हणून स्वतःचा उजवा वर करतेस आणि तोंडाने 'डावा' म्हणतेस. आता 'डावा' म्हटलं की तुझा उजवाच हलतो. तुझ्या लग्नात फोटोवाला 'थोडं डावीकडे' म्हणाला, तू उजवीकडे सरकलीस आणि कप्तान फोटोत अर्धाच आला. तसंच हेही झालं असणार. मी फोनवर डावा म्हणाले, आणि तू माझ्या नवऱ्यासमोर बसून स्वतःच्या उजव्या कानाला हात लावलास. 'हा,' म्हणालीस.

त्याने तेवढं धरलं. ज्या माणसाचा धंदाच उजवा डोळा वेगळा आणि डावा वेगळा तपासण्याचा आहे, त्याने बायकोचा कान एकदाही स्वतः पाहिला नाही. तुझ्या शब्दावर गेला.

राग आला होता, पण मी तो गिळला. म्हटलं, काळजीपोटी सांगितलं असेल. पहिले तीन दिवस मी तुला माफ करण्यात घालवले, हेही तुला कळू दे.

चौथ्या दिवशी आपण त्या पांढऱ्या वाळूच्या बेटापाशी नांगर टाकला. कप्तान छोटी होडी वल्हवत पाणी भरून आणायला गेला. मी वर फळ्यांवर आडवी झाले. डाव्या कुशीवर, डावा कान घडी केलेल्या टॉवेलात, डोळ्यांवर टोपी. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे येऊन बसलात, हाताच्या अंतरावर. तुमच्या हिशोबाने माझा चांगला कान टॉवेलात होता आणि वर होता तो गेलेला.

त्याने म्हटलं, 'झोपली.'

तू म्हणालीस, 'बघ नीट.'

'उजवा कान वर आहे. तोफ डागली तरी उठायची नाही.'

आणि तू हसलीस. मास्तरीण, पुढे जे ऐकलं ते ऐकलंच, पण ते हसणं मला सगळ्यात जास्त लागलं. पोरीपोरी होतो तेव्हापासूनचं ते हसू. इतकी वर्षं मला वाटायचं की ते फक्त माझ्याबरोबरचं आहे.

मग तू म्हणालीस, 'किती दिवस असं? अकरा महिने झाले.' तो म्हणाला, 'मे महिन्यात तिची तपासणी आहे. ती होऊन जाऊ दे. एका वेळी एकच. आधी कानाचं काय ते कळू दे, मग मी सांगतो आणि निघतो.'

हे तो चेष्टेत म्हणाला नाही. गिऱ्हाइकाला 'चष्मा गुरुवारी मिळेल' म्हणतात, त्या आवाजात म्हणाला. तू म्हणालीस, 'बिचारी.'

मी हलले नाही. तोंडापुढे फळीवर एक खिळा गंजला होता, त्याच्याकडे टोपीखालून बघत राहिले. कप्तान पाण्याचे कॅन घेऊन परत आला तेव्हा तुम्ही उठलात.

चार दिवस मी काहीच का बोलले नाही, असं विचारशील. अगं, जाणार कुठे? घरी भांडण झालं तर माणूस निदान दार आपटून बाहेर पडतं. तिथे चार पावलांवर पाणी होतं. मी ठरवलं, धक्का लागेपर्यंत हूं की चूं करायचं नाही.

आता सांग, मोठेपणा कुठला?

कानसेन

२ मे

मास्तरीण,

तुझ्या उत्तराची वाट बघायला हवी होती, पण काल घरात जे झालं त्यानंतर दम निघत नाही.

हा संध्याकाळी आला तो शीळ घालतच. कपाटावरची मोठी बॅग काढली, धूळ पुसली, आणि मला विचारतो, 'ही मी नेली तर चालेल ना? की तुला लागेल?' जणू दोन दिवस कामानिमित्त बाहेरगावी निघालाय. माझ्या हातात भाजीची सुरी होती. ती मी आधी खाली ठेवली. मग म्हणाले, 'चौथ्या दिवशी मी सगळं ऐकलंय. माझा उजवा कान चांगला आहे, गाढवा, डावा गेलाय.'

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता पाया पडेल नाहीतर खोटं बोलेल. त्याने दोन्ही केलं नाही. तो गोंधळून म्हणाला, 'पण तुला तर माहीतच आहे. सहाव्या दिवशी तिने तुला सगळं सांगितलं. तू हो म्हणालीस.'

मी म्हटलं, 'मी?'

'तूच. चालेल म्हणालीस. तिचा हातही हातात ठेवलास. म्हणून तर मी गेले तीन आठवडे तुझ्याशी इतका… मला वाटलं, तू किती समजूतदारपणे घेतलंस.'

शेजारच्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. कानातलं यंत्र त्या टीव्ही बघताना काढून ठेवतात. काल नेमकं घातलेलं होतं. त्यांनी लेकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'तिला डावीकडून ऐकू येत नाही, हे मला दिवाणखान्यात बसल्या बसल्या कळलंय. हल्ली ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. मी पण तशीच बघायची. तुला कसं रे कळलं नाही?' मग यंत्र काढून त्यांनी मुठीत धरलं आणि परत आत गेल्या. पुढचं त्यांना ऐकायचं नव्हतं.

मी रात्रभर तो सहावा दिवस आठवत बसले. आठवतंय ते लिहिते.

सकाळची वेळ. कप्तान सुकाणूवर, हा पुढे शिडाच्या दोराशी. मी मागच्या बाकावर. तू आलीस आणि माझ्या डावीकडे बसलीस. माझा हात हातात घेतलास आणि बोलायला लागलीस. माझ्याकडे बघत नव्हतीस, पाण्याकडे बघत होतीस, त्यामुळे ओठही दिसत नव्हते. वारा होता. मला नुसती गुणगुण येत होती, भिंतीपलीकडच्या रेडिओसारखी.

इथे एक कबूल करते. मी मान वळवली असती तर ऐकू आलं असतं. मुद्दाम वळवली नाही. चौथ्या दिवसापासून तुझा आवाज मला नको झाला होता. तू डावीकडे बसायचीस हे मला बरंच वाटायचं. जे काय बोलायचंय ते बोल आणि जा, असं मनात म्हणत मी समोर बघत बसले.

आणि हिवाळ्यापासून लागलेली एक सवय तुला माहीत नाही. ऐकू आलं नाही की मी 'काय?' म्हणत नाही. 'काय?' दोनदा म्हटलं की लोकांना संशय येतो. मी 'चालेल' म्हणते. चहा की कॉफी, उद्या की परवा, खिडकी लावू का, जेवायला थांबतेस का, कशालाही 'चालेल' बसतं. केंद्रात या एका शब्दावर मी पाच महिने नोकरी टिकवली. एकदा साहेबांना चालेल म्हणाले आणि नंतर कळलं की रविवारची पाळी घेतली. तेवढंच काय ते नुकसान.

तू थांबलीस. माझ्याकडे वळून काहीतरी विचारलंस. मला वाटलं, पुढच्या बेटावर जेवायचं का, किंवा असंच काही. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी वाऱ्यावर ढकललं. तू लवकर उठून जावंस म्हणून मी म्हणाले, 'चालेल.'

तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवलंस. बराच वेळ. मी तेही चालवून घेतलं.

आता तू काय सांगितलं होतंस, ते मला लिहून पाठव. शब्द बदलू नकोस. त्या दिवशी काय विचारलंस तेही लिही. मी कशाला चालेल म्हणाले, ते मला वाचायचं आहे.

कानसेन

९ मे

मास्तरीण,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. हे छोटंसंच आहे.

आज कप्तानाकडे गेले होते. सकाळची गर्दी ओसरल्यावर, दहाच्या सुमारास. तो मागे कणकेच्या टेबलावर ट्रे पुसत होता. मी वाटेत पाठ केलेलं सगळं त्याला सांगणार होते. आपण दोघं एकाच होडीत आहोत, असं म्हणायचं होतं. आता लिहितानाही हसू येतंय, पण मी खरंच हेच शब्द ठरवले होते.

मला पाहून त्याने उजवीकडचं स्टूल ओढलं आणि माझ्या उजव्या बाजूला बसला. तेव्हा आठवलं, होडीवरसुद्धा तो एकटाच उजवीकडे यायचा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने बघितलं होतं.

मी म्हटलं, 'तुला माहीत आहे?'

'सातव्या दिवसापासून,' तो म्हणाला. 'तिने सांगितलं. मी आकांडतांडव करणार होतो. होडी वळवून परत न्यावी, त्याला तिथेच कुठल्यातरी बेटावर उतरवावं, असं सगळं मनात आलं. मग ती म्हणाली, तुला आधीच विचारलंय आणि तू चालेल म्हणालीस.' तो हातातलं फडकं पिळत होता, ते कोरडं होतं. 'मला वाटलं, तुझ्यासारखी बाई हो म्हणते, म्हणजे मी आडवा आलो तर मीच हलकट ठरेन. म्हणून मीही बरं म्हणालो.'

'मला ऐकूच आलं नव्हतं रे,' मी म्हणाले.

त्याने फडकं टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, 'मी कपाटातली तिची बाजू रिकामी करून दिली. खोकी मी आणली.'

आम्ही दोघंही रडलो नाही. त्याने मला एक पाव बांधून दिला आणि भट्टीकडे गेला, कारण दुसरा घाणा जळायला आला होता. घरी येईपर्यंत पाव गरम होता. सासूबाईंनी अर्धा खाल्ला. मला गिळवला नाही.

माझ्याशी केलंस ते मी कसंतरी समजून घेतलं असतं. पण माझा शब्द नेऊन तू त्याचं तोंड बंद केलंस. त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने बसायचं मी?

कानसेन

१७ मे

मास्तरीण,

तुझी चार पानं मिळाली. अक्षर तुझंच, पण इतकं सरळ की आधी कच्चं लिहून मग उतरवलेलं दिसतंय. तरी मी धरून चालते की होडीवर हेच बोललीस.

पहिलं पान वाचून मला रडू आलं. 'मला तुझ्यापासून लपवता येत नाही. तो म्हणतो थांब, पण मला थांबवत नाही,' हे वाक्य. म्हणजे त्याला न सांगता तू माझ्याकडे आली होतीस. डावीकडे बसलीस, कारण तुझ्या समजुतीने तो माझा चांगला कान होता. तुला खरंच सांगायचं होतं. हे मी मान्य करते. त्या एका पानासाठी माझा अर्धा राग उतरला, आणि हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

दुसऱ्या पानावर हे कसं सुरू झालं ते आहे. माझ्या कानाची बातमी सांगायला तू त्याच्या दुकानात गेलीस, असं मी आजवर धरून होते; अकरा महिने ऐकूनही हिशोब केला नव्हता. तू प्रामाणिकपणे लिहिलंस की ते त्याच्या किती तरी महिने आधीपासून होतं. आणि हेही, की जिन्यातून मी तुला फोन केला त्या दिवशी तो तुझ्या शेजारी बसलेला होता. तू 'गळ्याशपथ' म्हणालीस तेव्हा तो तिथेच होता. बरं झालं लिहिलंस. होडीवर चढेपर्यंत मी तुझ्या शपथेला जपत होते.

तिसरं पान त्याच्याबद्दल आहे. ते मी वाचलं नाही. चौदा वर्षं वाचलंय.

चौथ्या पानावर शेवटी तुझा प्रश्न आहे. 'मी वेगळी खोली घेतली आणि तो माझ्याकडे राहायला आला तर तुला चालेल ना?' आणि खाली दुसऱ्या शाईत लिहिलंस की आता काय करायचं ते तूच सांग, आम्ही तुझ्या शब्दाबाहेर नाही. इकडे हाही रोज तेच म्हणतो. बॅग भरून दाराशी ठेवली आहे आणि रोज संध्याकाळी विचारतो, 'तू नाही म्हण, मी थांबतो.' माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतो, आता उजवीकडे, आणि हळू आवाजात विचारतो. त्या बॅगेवर पाय आपटून सासूबाईंच्या अंगठ्याला परवा लागलं.

काल तपासणी झाली. तारीख पुढची होती, मी साहेबांकडे जाऊन अलीकडे घेतली आणि आत जाण्याआधी त्यांना स्वतः सांगितलं की डावा कान निम्म्याहून जास्त गेला आहे, हिवाळ्यापासून लपवत होते. त्यांनी डोक्याला हात लावला. जुन्या ध्वनिफितींच्या खोलीत बसवतो म्हणाले, तिथे काम शोधून ठेवण्याचं आहे, ऐकण्याचं थोडं. पहिल्यांदाच मी पुन्हा विचारलं, 'काय म्हणालात?' त्यांनी परत सांगितलं. आभाळ कोसळलं नाही. उजवा किती वर्षं टिकेल ते डॉक्टरांना सांगता येत नाही. तेव्हा 'एका वेळी एकच' म्हणून तुम्ही थांबला होतात, ते थांबणं आता संपलं.

आता तुझ्या प्रश्नाचं.

दोन दिवस मी 'नाही' असं लिहून ठेवलं होतं. मोठ्या अक्षरात, तुला दाखवायला. मग लक्षात आलं की मी नाही म्हटलं तर हा थांबेल, आणि जन्मभर मला सांगेल की तुझ्यासाठी थांबलो. हो म्हटलं तर तुम्ही दोघं जाल आणि जगाला सांगाल की तिनेच मोठ्या मनाने पाठवलं. दोन्हीकडून शब्द माझाच लागतो. अकरा महिने तुम्हाला माझ्या शब्दाची गरज पडली नव्हती. घरी नाही, दुकानात नाही, कप्तान पाणी आणायला गेला तेव्हा नाही. ती पडली फक्त सहाव्या दिवशी, कारण कुणाच्यातरी खांद्यावर डोकं टेकवायचं होतं. आणि मग तो शब्द हाताला लागल्याबरोबर तू तो घेऊन आधी त्याच्याकडे गेलीस आणि मग कप्तानाकडे. तुला क्षमा नको होती गं. परवानगी हवी होती.

ती मी परत घेते. त्या बदल्यात दुसरी देत नाही, 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. आज संध्याकाळी हा खुर्ची ओढून बसला की त्यालाही हेच सांगणार आहे. बॅग उचलायची असेल तर त्याने आपल्या हाताने उचलावी, आपल्या मनाने, आणि जिना उतरताना मागे वळून माझ्याकडे बघू नये. ठेवायची असेल तर ती उघडून कपडे परत लावावेत आणि आधी आईच्या अंगठ्याला औषध लावावं. सासूबाईंना मी विचारलं, तो गेला तर तुम्ही कुठे? त्या म्हणाल्या, 'माझी खोली इथेच आहे.'

कप्तानाला मी या पत्राची नक्कल पाठवते आहे. त्याने माझ्या भरवशावर बरं म्हटलं होतं, त्याला त्याचं उत्तर नव्याने द्यायचा हक्क आहे. तो काय म्हणेल ते त्याचं तो.

तुला आता पत्र नाही. फोन आला तर सासूबाई उचलतील, आणि यंत्र काढून उचलतील.

लोक विचारतील. तुझ्या वर्गातल्या बायका विचारतील, त्याची गिऱ्हाइकं विचारतील, कधीतरी तुम्ही दोघं एकमेकांनाही विचाराल. तेव्हा वाटेल ते सांगा. माझा स्वभाव वाईट होता म्हणा, मला ऐकू येत नव्हतं म्हणा. फक्त 'तिला विचारलं होतं' असं सांगू नका.